एसी खोलीतल्या बागेला कार्बन डायऑक्साइड: मोजमापापासून सिलिंडरपर्यंत

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमधली दहा बाय दहाची एक खोली लेट्यूस, बेझिल आणि चार-सहा चेरी टोमॅटोंच्या ताब्यात आहे. पाहुण्यांसाठी ठेवलेली खोली होती, पाहुणे आता हॉलमध्ये झोपतात. पहिल्या एप्रिलमध्ये एसी लावला, खिडकीच्या फटींना फोमची पट्टी मारली, एलईडी दिवे सोळा तासांवर ठेवले, खतपाणी मोजून दिलं. तरी लेट्यूस वाढता वाढेना. पानं हिरवीगार, रोग नाही, कीड नाही, पण गड्डा धरायला लागणारे दिवस वाढतच चालले.

शेवटी एक कार्बन डायऑक्साइड मीटर आणला. सकाळी सहाला दिवे लागले तेव्हा आकडा ६४० पीपीएम होता, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६४० भाग. साडेनऊला २१०. बाहेरच्या मोकळ्या हवेत आज साधारण ४२० ते ४३० असतो. खोलीतली हवा रोपांनी साडेतीन तासांत बाहेरच्या निम्म्यावर आणून ठेवली होती आणि उरलेला दिवस ती अर्धपोटी काढत होती.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, हे आपल्याला माहीत असतं पण लक्षात राहत नाही. तो आतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो. थंडी राखायची म्हणून आपण खोली हवाबंद करतो आणि त्याच क्षणी रोपांचा कार्बनचा पुरवठा तोडतो. मे महिन्यात खिडकी उघडली की गारवा गेला, लावली की कार्बन गेला. घरातल्या बागेला वरून गॅस, म्हणजे जादा कार्बन डायऑक्साइड, देण्याचा प्रश्न खरा तिथेच उभा राहतो. तळेगाव-मावळातल्या गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये बाजूचे पडदे आणि वरचं तोंड उघडं असतं, तिथे गॅस सोडणं म्हणजे रस्त्यावर पैसे उधळणं. ज्यांची बाग उघड्या खिडकीत किंवा बाल्कनीत आहे त्यांनाही हा लेख माहितीपुरताच उपयोगी.

हवा खाऊन झाड वाढतं, म्हणजे किती हवा?

माझ्या खोलीचं आकारमान साधारण २५ घनमीटर. ४२० पीपीएमने त्यात १०.५ लिटर कार्बन डायऑक्साइड येतो. एक लिटरचं वजन खोलीच्या तापमानाला १.८ ग्रॅम, म्हणजे अख्ख्या खोलीत सगळा मिळून १९ ग्रॅम.

आता एक किलो लेट्यूस घ्या. त्यात ९५ टक्के पाणी. उरलेल्या ५० ग्रॅम सुक्या भागात साधारण २० ग्रॅम कार्बन. तो जमवायला रोपाला सुमारे ७५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो, मुळांचा हिशोब वेगळा. चार खोल्या भरून हवा पूर्ण पिळून घेतली तर एक किलो लेट्यूस. आणि पूर्ण पिळता येत नाहीच, कारण ५० पीपीएमच्या आसपास या जातीच्या रोपांचं प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन बरोबरीत येतं, वाढ शून्यावर थांबते.

दुसरं असं की पानातलं रुबिस्को नावाचं जे एन्झाइम हा गॅस पकडतं ते फार काटेकोर नाही. कार्बन डायऑक्साइडच्या जागी ते ऑक्सिजनही धरतं, आणि तसं झालं की झाडाला केलेलं काम उलटं फिरवावं लागतं. उकाडा वाढला की ही चूक जास्त होते. हवेत कार्बन डायऑक्साइड दाट केला की चूक कमी होते. गॅस दिल्यावर उत्पन्न वाढतं त्याचं निम्मं कारण हे आहे. म्हणूनच ऊस, मका, ज्वारी, आणि आपल्या रोजच्या भाज्यांतला माठ आणि राजगिरा यांना वरच्या गॅसचा फारसा फायदा नाही. त्यांच्या पानात रुबिस्कोपर्यंत गॅस दाबून पोचवणारी स्वतःची व्यवस्था असते. लेट्यूस, पालक, बेझिल, टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, स्ट्रॉबेरी यांच्याकडे ती नाही, त्यांना फायदा होतो. प्रकाश, पाणी आणि खत सगळं जागेवर असेल तर अशा पिकांत २० ते ३० टक्के वाढ ही रास्त अपेक्षा. मायक्रोग्रीनवाल्यांनी या फंदात पडू नये. आठ-दहा दिवसांचं ते पीक बरंचसं बियाण्यातल्या शिदोरीवरच वाढतं.

मीटर आधी, सिलिंडर खूप नंतर

मीटर एनडीआयआर प्रकारचा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणाराच घ्या. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या काही डब्यांवर कार्बन डायऑक्साइड लिहिलेलं असतं, पण आत बसवलेला सेन्सर हवेतल्या इतर वाफा हुंगून अंदाज सांगतो. स्वयंपाकघरात फोडणी दिली की त्याचा आकडा उडतो. बागेला तो निरुपयोगी.

एनडीआयआर मीटरमध्येही एक खोडी आहे आणि तिने मला महिनाभर फसवलं. बऱ्याच मीटरमध्ये आपोआप शून्य जुळवण्याची सोय असते. आठवडाभरात दिसलेला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा, असं तो धरून चालतो आणि त्याला ४०० म्हणतो. ऑफिसात हे ठीक आहे, रात्री सगळे घरी जातात. आपल्या खोलीत दिवसा आपण गॅस देणार, रात्री रोपं श्वास सोडणार, त्यामुळे खोली ४०० पर्यंत उतरतच नाही. मग मीटर खऱ्या ७०० ला ४०० समजायला लागतो, कंट्रोलर (आकडा पाहून गॅस चालू-बंद करणारं यंत्र) गॅस सोडत राहतो आणि आकडा मात्र शहाण्यासारखा दिसतो. उलट गॅस नसेल आणि रोपं रोज २०० पर्यंत ओढत असतील, तर तो त्या २०० ला ४०० म्हणतो आणि उपासमार झाकतो. ही सोय बंद करता येईल असाच मीटर घ्या आणि घेतल्या दिवशी बंद करा. मग महिन्यातून एकदा तो गच्चीवर न्या, वीस मिनिटं ठेवा, तोंड त्याच्यापासून लांब ठेवा आणि ४२० ला हाताने जुळवा. हवेचा दाब कमी असला तरी हे मीटर कमी दाखवतात. पुण्यात फरक थोडा, महाबळेश्वरात स्ट्रॉबेरी लावणाऱ्याला तो पंधरा टक्क्यांच्या आसपास जाणवेल. ज्या मीटरमध्ये उंची भरता येते त्यात ती भरा.

मीटर रोपांच्या शेंड्याच्या उंचीला टांगा. पंख्याच्या झोतात नको, दाराशी नको. आठवडाभर काहीही न बदलता आकडे लिहा: दिवे लागताना, दोन तासांनी, दुपारी, दिवे मालवताना. दिवसाचा आकडा ३५० च्या खाली उतरतच नसेल तर तुमची खोली गळकी आहे आणि ती गळती सध्या तुमच्या रोपांना जेवू घालते आहे. तिला हात लावू नका.

खोली किती गळते: खाण्याच्या सोड्याचा प्रयोग

पन्नास ग्रॅम खाण्याचा सोडा आणि चाळीस ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे वाण्याकडे मिळतं ते सायट्रिक ॲसिड. दोन्ही पूर्ण मिसळले की साधारण २६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. माझ्या २५ घनमीटरच्या खोलीत त्याने आकडा सुमारे ५८० ने चढायला हवा. तुमची खोली निम्मी असेल तर सोडाही निम्मा घ्या.

रात्री दिवे मालवल्यावर एसी आणि बाहेर हवा फेकणारा पंखा बंद करा, आतला फिरता पंखा चालू ठेवा. बादलीत लिटरभर पाण्यात सोडा विरघळवा, लिंबूसत्त्व चमच्या-चमच्याने टाका (एकदम टाकलंत तर फरशी पुसायला लागेल), आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन दार लावा. तुम्ही स्वतः तासाला पंधरा-अठरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडता. तासभर आत रेंगाळलात तर प्रयोगातल्या सोड्याइतका गॅस तुमचाच होईल. झाडांशी गप्पा मारल्या की ती जोमाने वाढतात म्हणतात, त्यात बंद खोलीपुरतं तरी तथ्य आहे.

अर्ध्या तासाने आकडा पाहा. अपेक्षित वाढीच्या जवळपास आला तर मीटर आणि आकारमान दोन्ही बरोबर. आता तो बाहेरच्या ४२० पेक्षा किती वर आहे ते लिहा, आणि ती वरची रक्कम निम्मी व्हायला किती तास लागतात ते पाहा. ०.६९ ला त्या तासांनी भागलं की खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते ते निघतं. साडेतीन तासांत निम्मी झाली तर ०.२, म्हणजे उत्तम बंद खोली. चाळीस मिनिटांत झाली तर १, म्हणजे तासाला अख्खी खोली बदलते. पहिल्यांदा माझी चाळीस मिनिटांचीच होती. एसीच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेलं भोक, दाराखालची फट आणि विजेच्या पाइपांची तोंडं बुजवली तेव्हा तीन तासांवर आली.

फुकटचा मार्ग आधी

गळती कळली की लगेच सिलिंडरकडे धावू नका. घरातच एक झरा आहे. चार माणसांच्या कुटुंबाच्या श्वासातून दिवसाला साधारण चार किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. संध्याकाळी दारं लावून सगळे टीव्हीसमोर बसले की हॉलमधली हवा ८०० ते १००० पर्यंत सहज जाते. बागेची हवा खिडकीतून घेण्याऐवजी हॉलमधून घ्या. दाराच्या वरच्या बाजूला सहा इंची इनलाइन पंखा, समोरच्या कोपऱ्यात खालून परतीची वाट. हॉलचा एसी चालू असेल तर ती हवा गारही असते.

आणि दिवे रात्री लावा. संध्याकाळी सहा ते सकाळी दहा. बाहेर थंड असतं म्हणून एसी कमी चालतो, घरात माणसं असतात म्हणून हवा दाट असते, आणि दुपारी बाहेर ४० अंश असताना खोलीत अंधार असतो. माझा सगळ्यात मोठा फायदा याच बदलाने झाला. २१० वरून ४५० वर येण्यात जो फरक पडतो तो ८०० वरून १२०० वर जाण्यात पडत नाही. पानांच्या भुकेचा आलेख सुरुवातीला उभा चढतो आणि मग आडवा होत जातो.

यीस्ट-साखरेची बाटली मत्स्यालयवाल्यांना पुरते. एक किलो साखरेतून जास्तीत जास्त ५१५ ग्रॅम गॅस निघतो, तोही दोन आठवड्यांत. तासाला दीड ग्रॅम. दोन बाय दोनच्या छोट्या तंबूला चालेल, खोलीला नाही, आणि वास घरभर. मशरूमच्या बुरशीच्या विकत मिळणाऱ्या पिशव्यांचंही तेच: गॅस येतो, पण किती आणि कधी हे तुमच्या हातात नाही. दिवे बंद असतानाही येतो, जेव्हा नको असतो. धिंगरीचे बेड शेजारी ठेवून दोन्ही पिकं घ्यायची कल्पना ऐकायला छान आहे, पण धिंगरीला छत्र्या धरताना हवा १००० च्या खाली लागते, नाहीतर देठ लांबतात आणि टोप्या बारीक राहतात. शिवाय तिचे बीजाणू घरातल्यांच्या छातीत जातात. मी ते केलं नाही.

जळत्या गॅसचं मात्र स्पष्ट सांगतो: घरात नाही. एक किलो एलपीजीतून तीन किलो कार्बन डायऑक्साइड निघतो हे खरं. सोबत दीड किलोच्या वर पाण्याची वाफ आणि बारा-तेरा युनिट विजेइतकी उष्णता. ती बाहेर काढायला एसी दुप्पट राबेल. नेदरलँड्समध्ये हे जमतं, कारण तिथे थंडी आहे. तिथले काचगृहवाले दिवसा इंजिन चालवून वीज आणि गॅस घेतात, गरम पाणी मोठ्या टाक्यांत साठवून रात्री वापरतात. रॉटरडॅमच्या पर्निस इथल्या शेलच्या रिफायनरीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड २००५ पासून एका जुन्या तेलवाहिनीतून थेट काचगृहांना पुरवला जातो. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत बर्नरची ज्योत जरा पिवळी झाली की कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे माणसाच्या जिवावर. इथिलीनचा अंश आला की टोमॅटोची फुलं गळतात.

सिलिंडर

हे सगळं करूनही दिवसाचा आकडा ४०० च्या खाली राहत असेल, खोलीची गळती ०.५ च्या आत असेल आणि प्रकाश पुरेसा असेल, तर सिलिंडर घ्या. प्रकाशाचं सांगायचं तर लेट्यूसला शेंड्यावर २५० मायक्रोमोल (रोपांच्या प्रकाशाचं माप) आणि टोमॅटोला ५०० असल्याशिवाय गॅसवर खर्च करू नका. मोजायचं यंत्र नसेल तर मोबाइलचं लक्स ॲप घ्या आणि पांढऱ्या एलईडीचा लक्स आकडा ७० ने भागा. अंदाज येण्यापुरतं ते ठीक.

कुठे मिळेल? गल्लीतल्या सोड्याच्या गाडीवाल्याला विचारा, तो कुठून भरून आणतो. वेल्डिंगच्या दुकानातही मिळतो, पण बंद खोलीत रोपांना आणि तुम्हाला जे हुंगायचं आहे ते फूड ग्रेड असलेलं बरं. सिलिंडरच्या मानेवर ठोकलेले आकडे वाचा: रिकामं वजन आणि शेवटची दाबचाचणी. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची ही चाचणी दर पाच वर्षांनी लागते. गॅस सिलिंडरचे नियम पाळून घेणारी केंद्रीय संस्था, पेसो, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. चाचणीची तारीख उलटलेला सिलिंडर कितीही स्वस्त असला तरी परत करा. आग विझवायच्या नळकांड्याचा सिलिंडर वापरू नका. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते आणि तोंडातून गॅसऐवजी उणे ७८ अंशांचा बर्फच उडतो.

उन्हाचं फार सांभाळा. सिलिंडरमध्ये हा वायू द्रवरूपात असतो आणि २० अंशांना आतला दाब ५७ बार असतो. ३१ अंशांच्या वर आत द्रव असा राहतच नाही, आणि पुढे दर अंशाला दाब चढत जातो. मेमध्ये पश्चिमेच्या बाल्कनीत भरलेला सिलिंडर उभा करणं म्हणजे सुरक्षा-चकती कधी फुटते त्याची वाट पाहणं. सावलीत, हवेशीर जागी, उभा, भिंतीला साखळीने बांधून ठेवा.

दाबाच्या काट्यावरून किती गॅस उरला ते कळत नाही. आत द्रव आहे तोवर काटा तिथेच उभा, आणि द्रव संपला की एक-दोन दिवसांत खाली. भंगारवाले वापरतात तसला लटकता वजनकाटा घ्या आणि दर रविवारी वजन लिहा.

किती टिकेल? रोपांनी छान छत धरल्यावर माझ्या सहा चौरस मीटर पानांना तासाला १० ते १२ ग्रॅम लागतात. ०.२ गळतीच्या खोलीत हवा बाहेरच्यापेक्षा ६०० ने दाट ठेवायला तासाला आणखी साडेपाच ग्रॅम. दिवसाचे चौदा तास धरले तर पाव किलोच्या आत, म्हणजे ९ किलोचा सिलिंडर पाच आठवडे. तीच खोली तासाला एकदा बदलणारी असेल तर जेमतेम अडीच आठवडे. म्हणून आधी फटी बुजवा म्हटलं.

जोडणी

सिलिंडरनंतर रेग्युलेटर, त्यावर लिटरमध्ये मोजणारा फ्लोमीटर, मग सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह, मग नळी. रेग्युलेटर विकत घ्यायला जाताना सिलिंडर सोबत न्या किंवा उलट करा, आटे जुळतीलच असं नाही. मधला वॉशर नवा घाला, जुना गळतोच. सोलेनॉइड वीज गेल्यावर बंद होणाराच हवा. आपल्याकडे वीज जातेच, आणि तेव्हा गॅस चालू राहून पंखे बंद असं व्हायला नको.

पहिल्यांदा जोडाल तेव्हा दार-खिडकी उघडी ठेवा. सिलिंडर हळू उघडा, सोलेनॉइड बंद ठेवा, प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा. एकही बुडबुडा चालत नाही. मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह परत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी रेग्युलेटरचा काटा उतरलेला असेल तर कुठेतरी गळती आहे.

नळी रोपांच्या वर, फिरत्या पंख्याच्या पुढे सोडा. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, शिवाय सुटताना गार असतो, त्यामुळे जमिनीवर सोडलात तर कुंड्यांच्या खाली साचून बसेल. एकदा हवेत मिसळला की मात्र तो वेगळा होऊन खाली बसत नाही. पंख्याने पानं हलकी थरथरली पाहिजेत, फडफडली नाही. पानाला चिकटलेला हवेचा पातळ थर हलला नाही तर आजूबाजूला १००० असूनही पान उपाशीच.

फ्लोमीटर मिनिटाला ५ लिटरवर ठेवला की माझ्या खोलीत तीन मिनिटांत ६०० पीपीएम चढतात. कंट्रोलर नसेल तर हा हिशोब टायमरवर घालता येतो, पण कंट्रोलर घ्याच. मी ८५० ला गॅस चालू आणि ९५० ला बंद ठेवतो. १२०० च्या वर पैसे वाया, आणि २००० च्या वर काही टोमॅटोंची पानंच पिवळी पडून करपायला लागतात. दिवे लागल्यावर पहिला तास गॅस नको, अंधारात सोडलेला श्वास आधी संपू द्या. मालवण्याच्या तासभर आधी बंद करा. अंधारात दिलेला गॅस कोणी खात नाही.

जीव सांभाळा

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल. पेव उघडलं की कोणी लगेच उतरत नसे. बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडायचा, तो जळत राहिला तरच माणूस. विहिरीतही तीच रीत. आत साचलेला हाच गॅस, आणि उडालेला ऑक्सिजन. कॅमेरूनच्या न्योस तळ्यातून २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री असाच एक लोंढा बाहेर पडला आणि खालच्या खोऱ्यातली सुमारे १,७०० माणसं गेली.

कंदिलावर मात्र विसंबू नका. हवेत चार-पाच टक्के कार्बन डायऑक्साइड झाला की माणसाचं डोकं ठणकतं, धाप लागते. कंदील तेव्हाही जळतच असतो. आठ तासांच्या कामाची मर्यादा ५,००० पीपीएम धरतात आणि ४०,०००, म्हणजे चार टक्के, ही थेट जिवाला धोका असलेली पातळी. आता हिशोब करा: ९ किलोचा सिलिंडर माझ्या खोलीत एकदम रिकामा झाला तर हवेत सुमारे २० टक्के गॅस. दोन किलोचा छोटा झाला तरी साडेचार टक्के. म्हणून सिलिंडर बागेच्या खोलीत नकोच. तो बाहेर, हवेशीर ड्राय बाल्कनीत, सावलीत ठेवा आणि फक्त बारीक नळी आत आणा.

कंट्रोलरपेक्षा वेगळा, स्वतंत्र सेन्सर असलेला अलार्म लावा, आकडा दाराबाहेर दिसेल असा. ५,००० ला वाजणारा आणि २,००० ला सोलेनॉइडची वीज तोडणारा. सोलेनॉइड उघडा अडकला तर कंट्रोलर काही करू शकत नाही, म्हणून रोज दिवे मालवताना सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह हाताने बंद करायची सवय ठेवा. बागेच्या खोलीत कोणी झोपायचं नाही, आणि जिच्या दाराची फट बागेत उघडते त्या खोलीतही नाही. लहान मुलं आणि मांजर जमिनीच्या जवळ असतात, गळती झाली तर पहिला फटका त्यांना. गावाला जाताना सिलिंडर बंद, विषय संपला.

गॅस सुरू झाल्यावर रोपं काय मागतात

दाट हवेत पानं आपली रंध्रं थोडी मिटून घेतात. पाणी कमी उडतं, हे चांगलं वाटतं. पण पाण्याबरोबर वर जाणारं कॅल्शियमही कमी जातं, आणि वाढ तर जोरात चालू आहे. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होतात, टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो. माझ्या पहिल्या गॅसच्या फेरीत निम्मे गड्डे असे गेले आणि मी मूर्खासारखं खत वाढवलं. लेट्यूसला उपाय उलटा: ईसी, म्हणजे पाण्यातल्या खताच्या तीव्रतेचं माप, १.२ ते १.५ च्या दरम्यान ठेवा, गड्ड्याच्या मधोमध हवा लागेल असा छोटा पंखा वरून लावा, आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत ठेवा. टोमॅटोला खत जास्त लागतं, पण पाणी देण्याच्या वेळा चुकवू नका.

रंध्रं मिटली की पान जरा तापतंही. टोमॅटोला दिवसा २७-२८ अंश या हवेत मानवतात, किंबहुना आवडतात, त्यामुळे एसी एक-दोन अंश वर ठेवून वीज वाचते. लेट्यूसवर हे करू नका, २४ च्या वर ते कडू होतं आणि फुलोऱ्यावर जातं. गॅस असो वा नसो.

कुंडी लहान असेल तर फायदा काही आठवड्यांत ओसरतो. बनवलेली साखर ठेवायला मुळांना जागा नाही, फळं नाहीत, मग पान स्वतःच काम कमी करतं. टोमॅटोला पंधरा लिटरच्या खालची बादली असेल तर आधी बादली बदला. रोपवाटिकेतल्या पिल्लांना दोन खरी पानं येईपर्यंत गॅसची गरज नाही. फुलं-फळं धरायच्या काळात टोमॅटो आणि मिरचीला तो चुकवू नका.

उपयोग झाला की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, आपण खर्च केला की डोळे खोटं बोलतात. एक पूर्ण फेरी गॅसशिवाय घ्या, त्याच जातीची, तितक्याच दिवसांची, आणि मुळं कापून गड्डे तोला. पुढची गॅसवर. दोन्हींच्या वजनातला फरक, त्यासमोर गॅसचे पैसे आणि फटी बुजवल्यामुळे वाचलेली एसीची वीज मांडा.

माझ्याकडे हे गणित मार्च ते ऑक्टोबर बसतं. नोव्हेंबरात पुण्याची हवा गार झाली की एसी बंद होतो, खिडकी उघडते, मीटर दिवसभर ४०० च्या आसपास रेंगाळतो, आणि सिलिंडर फेब्रुवारीपर्यंत ड्राय बाल्कनीत साखळीला टेकून उभा असतो.